यकृताची खरी साक्ष

यकृतविकाराच्या रुग्णाचे नातेवाईक माझ्यापुढे अहवाल ठेवतात, तेव्हा त्यांची नजर प्रथम ‘एसजीपीटी’वर जाते. आकडा उतरला की त्यांना हायसे वाटते. परंतु एसजीपीटी हे पेशींना झालेल्या इजेचे चिन्ह आहे, यकृताच्या कार्यशक्तीचे माप नव्हे. बळावलेल्या सिऱ्होसिसमध्येही तो आकडा सर्वसाधारण असू शकतो.

कार्यशक्तीची साक्ष देतात ती रक्तातील प्रथिने. अल्ब्युमिन यकृतातच तयार होते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचे असते. म्हणून दीर्घकालीन ऱ्हास त्यात उमटतो. रक्त गोठविणाऱ्या सातव्या घटकाचे अर्धायुष्य मात्र काही तासांचेच. त्यामुळे तीव्र आघातात प्रोथ्रॉम्बिन टाइम लवकर वाढतो.

१९६४ साली चाइल्ड व टरकॉट यांनी मांडलेल्या वर्गवारीत १९७३ मध्ये प्यू व सहकाऱ्यांनी पोषणाच्या जागी प्रोथ्रॉम्बिन टाइम घेतला. अल्ब्युमिन मात्र कायम राहिले. यकृताच्या कर्करोगासाठी २०१५ मध्ये आलेली ‘अल्बी’ श्रेणी तर केवळ अल्ब्युमिन व बिलिरुबिन यांवरच उभी आहे.

अर्थात कुपोषण, जंतुसंसर्ग वा मूत्रपिंडाच्या विकारातही अल्ब्युमिन घटते. ‘के’ जीवनसत्त्वाच्या अभावी प्रोथ्रॉम्बिन टाइम लांबतो. एकट्या आकड्यावर निदान करणे योग्य नव्हे.

तरीही समव्यवसायी बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की घटत्या अल्ब्युमिनचा अर्थ कुटुंबीयांना वेळीच समजावून सांगावा. यकृतरोपणाचा विचार, दात्याचा शोध व पैशांची जुळवाजुळव यांना अवधी लागतो. खोट्या दिलाशात तो निघून जाऊ नये.