विचारणा कोणाला झाली?

शासन एखादा निर्णय घेण्यापूर्वी ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार त्यांना खरोखर विचारते काय, हा प्रश्न आपल्या व्यवसायाला काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. परंतु वनौषधींच्या संदर्भात तो थेट आपल्या औषधशाळेच्या दारापर्यंत येतो. जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची आहे. तिच्या क्षेत्रातील जैविक संसाधनांच्या वापराविषयी निर्णय घेताना राष्ट्रीय प्राधिकरणाने व राज्य मंडळाने त्या समितीशी विचारविनिमय करावयाचा आहे. ही ऐच्छिक बाब नाही. कायद्याची भाषा आज्ञार्थी आहे.

प्रत्यक्षात काय झाले? कायदा होऊन चौदा वर्षे लोटली तरी, २०१६ साली, देशभरातील अशा समित्यांची संख्या दहा हजारांच्या आतच होती. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि त्यानंतर विलंब करणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मग मात्र समित्यांचे पीक आले. अल्पावधीतच हा आकडा अडीच लाखांच्या पुढे गेला आणि लोकजैवविविधता नोंदवह्याही त्याच वेगाने ‘पूर्ण’ झाल्या.

ही पूर्तता कशी झाली, हे आमच्या भागातील काही गावांत आम्ही पाहिले आहे. समितीचे सदस्य असलेल्या गृहस्थांनाच आपल्या सदस्यत्वाची वार्ता नव्हती. एका नोंदवहीत ‘अशोक’ म्हणून रस्त्याकडेचा उंच, सरळ वाढणारा आसुपालव नोंदलेला आढळला. गावातील एखाद्या जाणत्या वृद्धेला विचारले असते तरी ही चूक टळली असती. पण विचारावयाचे तर गावात थांबावे लागते आणि मुदतीच्या घाईत तेवढी सवड कोणाला होती?

खरे तर अशी विचारणा आपल्या शास्त्राला नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी व अन्य वनचर हे औषधी नावारूपाने जाणतात, असे सांगितले आहे. केवळ नावरूपाच्या ज्ञानाने औषधीचा प्रयोग साधत नाही, हेही तेथे स्पष्ट केले आहे. मात्र ओळख पटविण्यासाठी वैद्याने कोणाकडे जावे याविषयी आचार्यांना संकोच नव्हता. आजही जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा वेचून वाळवितात, तेव्हा कुठे तो आपल्या खलबत्त्यापर्यंत पोहोचतो.

आता २०२१ ते २०२३ या काळाकडे वळू. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २१ डिसेंबर २०१८ रोजी, भारतीय औषधनिर्मात्यांनाही स्थानिक समूहांना न्याय्य लाभांश द्यावा लागेल, असा निर्णय दिला. त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती विधेयक लोकसभेत आले. त्याच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात भारतीय चिकित्सापद्धती, बियाणे, उद्योग आणि संशोधन या क्षेत्रांनी मांडलेल्या अडचणींचा उल्लेख आहे. म्हणजे आपले म्हणणे ऐकले गेले. नोंदणीकृत आयुष चिकित्सक, संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान आणि लागवडीची वनौषधी यांना सवलती मिळाल्या. संसदीय संयुक्त समितीकडून फिरून हे विधेयक २०२३ साली संमत झाले व १ एप्रिल २०२४ पासून दुरुस्त कायदा लागू झाला. लहान औषधशाळांवरील कागदपत्रांचा भार हलका झाला, याबद्दल आम्हास समाधानच आहे. तथापि त्या निवेदनातील यादीत हिरडा वेचणारा कोठेही नाही. ज्याच्या लाभांशाला कात्री लागण्याचा संभव होता, त्याचेच नाव अडचणी मांडणाऱ्यांत नसावे, हे आपल्याला खटकावयास हवे. संसदीय समितीकडे निवेदन पाठविता येते हे खरे. पण त्यासाठी आधी विधेयक हाती यावे लागते, वाचता यावे लागते.

विचारणा खरी कधी मानावी? ओडिशातील नियमगिरीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तेथील बॉक्साइट खाणीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांचे मत घेण्यास सांगितले. रायगडा व कालाहांडी जिल्ह्यांतील १२ ग्रामसभा भरल्या आणि बाराही सभांनी नकार दिला. पुढे जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वनविषयक मंजुरी नाकारली. डोंगरावर वस्त्या पुष्कळ असता बाराच गावे का निवडली, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता व तो रास्तच होता. तरीही त्या नकाराला वजन होते. आपल्याकडील समित्यांपैकी कितींना ‘नाही’ म्हणण्याची संधी तरी मिळाली असेल?

यात आपला व्यावहारिक प्रश्नही गुंतलेला आहे. लागवडीच्या वनौषधींसाठी उगमाच्या दाखल्याची जी तरतूद दुरुस्त कायद्यात आहे, तिचा संबंध याच समित्यांशी आहे. ज्या नोंदवहीत आसुपालव अशोक ठरला आहे, तिच्या भरवशावर अशोकारिष्टासाठी साल खरेदी करण्यास कोणता जबाबदार निर्माता धजावेल? ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींनी येत्या ग्रामसभेत आपल्या गावची नोंदवही पाहावयास मागावी, समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आहे की नाही ते विचारावे आणि वनस्पतींची ओळख तपासून देण्याची तयारी दाखवावी. औषधशाळांच्या चालकांनी आपला कच्चा माल कोणत्या गावातून येतो, एवढे तरी व्यापाऱ्याकडून लिहून घेण्यास आरंभ करावा.