घराण्याचें नांव आणि कुणब्याचें काम

शिवकालीन कान्होजी जेध्यांच्या देशमुख घराण्यांत केशवराव जेधे १८९६ सालीं जन्मले. देशमुखी म्हणजे रयतेकडून वसूल करण्याचें वतन. त्या कुळांतील पुरुषानें काँग्रेस सोडून शंकरराव मोऱ्यांसह १९४७-४८ सालीं शेतकरी कामगार पक्ष उभारावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. स्वीडनांत काउंट आर्विड पोसे यांनींही १८६७ पासून शेतकऱ्यांच्या पक्षाचें पुढारीपण केलें होतें. मात्र १९५४ सालीं जेधे काँग्रेसमध्यें परतले. पक्ष बुडाला नाहीं. आमच्या धाराशिव जिल्ह्यांत उद्धवराव पाटलांनीं तो चालविला व १९७७ सालीं त्याच पक्षातर्फे ते लातुरांतून लोकसभेवर गेले. बेंबळीकरांनीं ओळखावें कीं, थोर कुळाचा पुढारी चळवळीस आरंभ देतो. तिचा हिशोब मात्र कुणब्यानेंच मागितला पाहिजे.