पाय टेक्सासचे, घड ओझरचे

ओझर म्हटलं की बाहेरच्या माणसाला मिग विमान आठवतं. १९६४ पासून इथे एचएएलचा कारखाना आहे. रशियन आराखड्याची लढाऊ विमानं ओझरात जोडली गेली आणि इथल्याच धावपट्टीवरून उडाली. पण आग्रा रोड सोडून थोडं आत शिरलात की दिसतात द्राक्षबागा, आणि जोडकाम तिथेही चालतं. रात्रपाळीसुद्धा असते, लाइट रात्रीची आली की.

अकरावीच्या बायोलॉजीतले निम्मे धडे या बागेत पायात येतात. शेतकऱ्याने त्यांना नावं वेगळी ठेवलीत, एवढंच.

एका बुंध्यात दोन वेली

जमिनीतला खुंट बहुतेक वेळा 'डॉगरिज'. ही टेक्सासकडच्या रानद्राक्षाची जात. पाण्याचा ताण आणि खारी जमीन सोसणारी. त्यावर कलम थॉमसन या बिनबियांच्या जातीचं. सालीखाली सतत विभागणाऱ्या पेशींचा पातळ थर असतो, कॅम्बियम. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना भिडला की दोघांच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या जुळतात आणि कलम 'लागतं'. गुणसूत्रं मात्र मिसळत नाहीत. मुळं शेवटपर्यंत टेक्सासची, मणी शेवटपर्यंत थॉमसनचे. लग्नाला वीस वर्षं झाली तरी दोन्ही घरांचे कुलाचार वेगळेच!

बिनबियांच्या द्राक्षाला बी असते

म्हणजे बी धरायला सुरुवात होते. परागण होतं, फलनही होतं, मग भ्रूणाची वाढ अर्ध्यात थांबते. दाताखाली कधीतरी मऊसा कण येतो, तो त्या राहून गेलेल्या बीचा. बी नाही तर लावायचं काय? काडी. म्हणून जगातला प्रत्येक थॉमसन वेल हा एकाच जुन्या वेलाचा तुकडा आहे. तुर्कस्तान-इराणकडे त्याला सुलताना म्हणत; १८७२ च्या सुमारास विल्यम थॉमसन नावाच्या माणसाने तो कॅलिफोर्नियात लावला आणि नाव त्याचं लागलं.

तुकडाच असला तरी बदलाला वाट सापडते. एखाद्या डोळ्यातल्या पेशीत डीएनएची नक्कल करताना चूक होते आणि त्या डोळ्यातून फुटलेली काडी निराळी निघते. तासगावकडची तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका, या थॉमसनमधूनच निघालेल्या जाती. त्या प्रयोगशाळेत घडल्या नाहीत, बागेत फिरणाऱ्या शेतकऱ्यांनी नेमक्या हेरल्या. डार्विनला त्यासाठी पाच वर्षं बोटीने हिंडावं लागलं होतं.

घड की बाळी?

माझ्या मते सगळ्या बागेतली सगळ्यात भारी गोष्ट हीच. ऑक्टोबर छाटणीनंतर बाहेर पडणारा घड ऑक्टोबरचा नसतोच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी वाढते, तेव्हाच तिच्या डोळ्यात त्याची सूक्ष्म घडण झालेली असते. डोळ्याच्या आत पेशींचा एक इवलासा उंचवटा तयार होतो आणि त्याचं काय व्हायचं ते आधी ठरलेलं नसतं. भरपूर ऊन आणि अन्नसाठा मिळाला तर त्याचा घड होतो. ढगाळ हवा आली, वेल नुसता माजला, तर त्याचीच बाळी होते, म्हणजे तारेला विळखा घालणारा तो कुरळा दोरा. शेतकरी म्हणतो, 'घड बाळीवर गेला.' वनस्पतिशास्त्रज्ञही हेच म्हणतात, फक्त जास्त पानं घेऊन: बाळी आणि घड ही एकाच अवयवाची दोन रूपं.

२००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी द्राक्षाचा एक बुटका वेल दाखवला. त्याला जिबरेलिन या संप्रेरकाचा संदेशच कळत नव्हता. बाळीच्या जागी सगळीकडे घड!

हे जिबरेलिन म्हणजे आपलं जीए. घड मगमध्ये बुडवून 'डिपिंग' करतात, ते हेच. त्याचा शोध लागला तो भाताच्या रोगातून. रोगट रोपं उंचच उंच वाढायची आणि लोळायची. जपानी लोक त्यांना 'खुळी रोपं' म्हणत. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं की हा एका बुरशीच्या स्रावाचा प्रताप आहे. एरवी मणी फुगवणारं जिबरेलिन वाढती बीच पुरवते. थॉमसनमध्ये बी राहून जाते, मग ते मगातून द्यावं लागतं. आणि मणी फुगवणारं हेच रसायन डोळ्यात घड ठरण्याच्या वेळी जास्त झालं, तर बाळी वाढवतं. बागेत सल्लागार तारखेवरून का भांडतात, ते आता कळलं असेल.

भुरी आणि डाऊनी बहिणी नव्हेत

द्राक्षाचे हे दोन रोग फवारणीच्या वेळापत्रकात शेजारी बसतात, पण नातं शून्य. भुरी ही खरी बुरशी. डाऊनीचा जीव मात्र बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा. त्याच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असतं आणि त्याचे बीजाणू दोन शेपट्या हलवत पानावरच्या पाण्यात चक्क पोहतात. पान ओलं राहिलं की डाऊनी का येते, याचं उत्तर त्या शेपट्यांत आहे. भुरीला असं साचलेलं पाणी लागत नाही.

डाऊनीवरचं बोर्डो मिश्रण फ्रान्समधलं. रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून तिथले बागायतदार मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेली निरोगी राहिल्याचं मिलार्दे या प्राध्यापकांच्या लक्षात आलं, आणि १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

शेजारचा कांदा

ओझर निफाड तालुक्यात, लासलगावही निफाड तालुक्यात. कांद्याला टाळून कसं चालेल? प्रयोगशाळेत पेशी पाहायला कांद्याची साल सोलतात. त्या एका पेशीतला डीएनए माणसाच्या पेशीतल्या डीएनएच्या सुमारे पाचपट. गुणसूत्रं मात्र कांद्याची १६, माणसाची ४६, द्राक्षाची ३८. ज्याला हुशारीचं माप गुणसूत्रांत मोजायचं असेल त्याने आधी कांदा चिरून दाखवावा. चिरताना पेशी फुटतात, वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली रसायनं एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. २०१३ चं रसायनशास्त्राचं 'इग नोबेल' या वायूमागचं एन्झाइम शोधणाऱ्या जपानी चमूला मिळालं.

तडकलेला मणी, सुकलेला मणी

माल तयार असताना पाऊस आला की मणी तडकतो. आत साखर दाट, बाहेर पाणी. पाणी साखरेकडे धाव घेतं, साल फाटते. परासरणाचा धडा हाच, फक्त इथे नापास होण्याचे पैसे लागतात. उलट दिशेने पाणी काढलं की बेदाणा, साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो. पाणी लवकर निघावं म्हणून सुकवण्याआधी द्राक्षं डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. मण्यावरचा मेणाचा थर त्याने सैल होतो.

ते मेण तुम्ही पाहिलं आहे: मण्यावरची पांढुरकी साय, जी बोटाने पुसली जाते. ती बघून गिऱ्हाईक बिचकतं, 'औषध मारलंय वाटतं!' द्राक्षं जरूर धुऊन खा, पण त्या सायीला घाबरून चकचकीत मणी निवडू नका. साय शाबूत म्हणजे घडाला फार हात लागलेले नाहीत.