शून्य किमतीची जीप

बँकेच्या हिशेबात चाळीस वर्षांच्या गाडीची किंमत शून्य असते. १९८८ साली आलापल्लीच्या एका गृहस्थांनी दुरुस्तीच्या कर्जासाठी आपल्या उघड्या जीपचे आर. सी. बुक माझ्या टेबलावर ठेवले, तेव्हा मीही तोच शेरा मारला.

बुक मात्र वाचण्यासारखे होते. महायुद्धात अमेरिकेतल्या विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच नमुन्याच्या सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. हिंदुस्थानात आलेल्यांपैकी कित्येक युद्धानंतर लिलावात निघाल्या. ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्द तेव्हाचा. ही लष्कराकडून नागपूरच्या व्यापाऱ्याकडे, तिथून सागवानाच्या कंत्राटदाराकडे आणि शेवटी त्याच्या मुनिमाच्या नावावर चढली होती. हे गृहस्थ त्या मुनिमाचे चिरंजीव. थकलेल्या पगारापोटी वडिलांना गाडी मिळाली, हे अर्थातच बुकात नव्हते.

‘‘विलीज का?’’ मी विचारले. त्यांनी बाहेर नेऊन बोल्टच्या डोक्यावरचे ‘एफ’ अक्षर दाखवले. फोर्ड!

जुलैत भामरागडच्या रस्त्याला वसुलीसाठी निघालो, तर भाड्याची मोटार नाल्याअलीकडेच थांबली. मागून हेच गृहस्थ आले. ‘‘साहेब, पाय वर घ्या.’’ पाणी आत आले. पलीकडे गेल्यावर त्यांनी गाडीच्या तळाचे बूच काढले आणि पाणी सोडून दिले. मोटारीला न्हाणीघरासारखे बूच असते, हे मला त्या दिवशी कळले.

परतताना पाऊस उघडला होता. त्यांनी ताडपत्रीचा टप गुंडाळला, समोरची काच बॉनेटवर आडवी केली. दारे नव्हतीच. सिनेमात टप उघडणाऱ्या मोटारी पुष्कळ पाहिल्या होत्या. पण ओल्या सागाचा वास असा थेट अंगावर येणे निराळेच. पेट्रोलचे पैसे विचारले, तर म्हणाले, ‘‘शून्य किमतीच्या गाडीला भाडं कसलं?’’

गेल्या वर्षी मुद्दाम गेलो. गृहस्थ आता नाहीत. जीप पडवीत उभी, मूळ इंजिनासह. शौकीन लोक मोठमोठ्या रकमा घेऊन येतात, मुलगा विकत नाही. का, ते त्याच्या आईकडून कळले. मी कर्ज नाकारल्यावर तिच्या पाटल्या मोडून ते इंजिन दुरुस्त केले होते.

‘‘तुम्हीच का ते शून्यवाले साहेब?’’ तिने विचारले, आणि चहा ठेवायला आत गेली.