सेट-टॉप बॉक्सला मॉनिटरही चालतो

सेवाग्राम आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजांमुळे वर्ध्यात भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुलं पुष्कळ. टेबलावर मॉनिटर असतोच. मग मॅचसाठी वेगळा टीव्ही कशाला?

गरज नाही. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल थेट मॉनिटरला लावायची, कम्प्युटर सुरूही करावा लागत नाही. ‘फुल एचडी’ मॉनिटरवर १९२० बाय १०८० ठिपके असतात. एचडी चित्राला तेवढे पुरतात.

घोडं अडतं आवाजापाशी. बऱ्याच मॉनिटरना स्पीकरच नसतात. मागे हेडफोनचं भोक असलं तर तिथे, नाहीतर बॉक्सच्या ऑडिओ आउटला स्पीकर जोडावेत. जुन्या डीव्हीआय मॉनिटरचा त्रास वेगळाच: एचडीसीपी हे नक्कल रोखणारं कुलूप त्याला उघडता आलं नाही, की पडदा काळा. मग केबली बदलत बसण्यात अर्थ नसतो.

आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झच्या हिशेबाचं, मॉनिटर बहुधा ६० चा. त्यामुळे सीमारेषेकडे धावणारा चेंडू किंचित अडखळतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ५० निवडून पाहावं. मॉनिटरने नाकारलं तर पुन्हा ६०.

सेकंडहँड मॉनिटर घेताना मात्र ‘एचडीसीपी आहे का?’ हे पैसे मोजण्याआधी विचारा.