सावलीशी झुंज

पहाटेची घंटा होते, मुले तोंड धुऊन मैदानावर येतात आणि पुढचा अर्धा तास हवेत ठोसे मारीत राहतात. हातांत ग्लोव्ह्ज नाहीत, समोर वाळूची पिशवी नाही, प्रतिस्पर्धी तर नाहीच. मुलांना भेटायला येऊन रात्री मुक्कामाला राहिलेले पालक हा प्रकार ओसरीवरून पाहतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रश्न ठरलेला असतो. एका आजीने तर तो सरळ विचारलाच : "पोरं डास मारत्यात का काय?" स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे, असे आम्हांला वाटले. आम्ही याच शाळेचे माजी विद्यार्थी. गेली काही वर्षे सवड काढून येथे मुष्टियुद्धाचे वर्ग घेतो.

या व्यायामाला शॅडो बॉक्सिंग म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी कल्पना फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक भाषेत 'सावलीशी लढणे' या अर्थाचा स्वतंत्र शब्दच होता. सरावाला जोडीदार मिळाला नाही तर मुष्टियोद्धा निर्जीव बाहुला टांगून त्याच्याशी लढेल आणि तेही नसेल तर आपल्या सावलीशी लढेल, अशा आशयाचा उल्लेख प्लेटोने आपल्या 'लॉज' या ग्रंथात केला आहे. ऑलिंपिया येथे ग्लाउकस नावाच्या नामांकित मुष्टियोद्ध्याचा पुतळा होता. तो सावलीशी लढण्याच्या पवित्र्यात घडवलेला होता, असे प्रवासी लेखक पॉसेनियस याने नोंदवून ठेवले आहे. ज्याने अनेकांना हरवले त्याचा पुतळा समोर कोणीच नसलेल्या अवस्थेत उभारावा, ही गोष्ट आम्हांला आजही विचार करण्यासारखी वाटते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सुरुवात हातांपासून होत नाही, पायांपासून होते. उजव्या हाताच्या मुलाने डावा पाय पुढे, उजवा मागे, खांद्याइतके अंतर ठेवून, गुडघे किंचित वाकवून आणि मागच्या पायाची टाच जराशी उचलून उभे राहायचे. हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालांशी, कोपरे बरगड्यांजवळ. डावखुऱ्या मुलाचा पवित्रा याच्या नेमका उलट असतो. (डावखुऱ्या मुलाला सगळ्यांसारखे उभे करण्याचा हट्ट काही प्रशिक्षक धरतात. लिहिताना त्याचा हात बदलण्याइतकेच ते चुकीचे आहे, असे आमचे मत आहे.) पुढे सरकताना आधी पुढचा पाय उचलायचा, मागे येताना आधी मागचा. पाय एकमेकांना ओलांडता कामा नयेत. पाय अडकलेल्या माणसाला हलका धक्काही पाडू शकतो.

ठोसा हाताने मारला जातो असे पाहणाऱ्याला वाटते. खरे तर तो जमिनीतून येतो. उजव्या हाताचा सरळ ठोसा घ्या. आधी मागची टाच बाहेर वळते, मग कंबर फिरते, मग खांदा, आणि मूठ सर्वांत शेवटी पोहोचते. दाण्यांचे पोते खांद्यावर टाकताना हमाल जशी कंबर लावतो, तशीच ही कंबर लागते. मूठ सुटताना श्वास दातांमधून सोडायचा आणि गेलेली मूठ त्याच वाटेने थेट गालाशी परत आणायची. येथेच बहुतेकांची चूक होते. ठोसा देखणा जातो आणि परतताना हात छातीपर्यंत लोंबतो. पिशवीवर मारताना ही चूक झाकली जाते, कारण ठोशाच्या आवाजाने मारणारा खूश होतो. हवा मात्र कोणालाही शाबासकी देत नाही. शिवाय हवेत सुटलेला हात थांबवायला समोर काही नसते. तो पाठीच्या आणि खांद्याच्या स्नायूंनाच रोखावा लागतो. म्हणून कोपर पूर्ण ताणून झटका देऊ नये, सांधा दुखावतो. छोटी वजने हातांत घेऊन ठोसे मारण्याची टूम हल्ली दिसते. वजन हाताला खाली ओढते आणि ठोसा तर पुढे जायचा असतो. वाढत्या वयाच्या मुलांना आम्ही ती वजने देत नाही.

मुष्टियुद्धाची फेरी तीन मिनिटांची असते आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. आमची लहान मुले दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या करतात. पहिल्या फेरीत हात वापरायचेच नाहीत, फक्त पाय. दुसरीत केवळ पुढच्या हाताचा जॅब आणि डोके बाजूला काढणे. तिसरीत सर्व काही. फेरी मन लावून केली असेल तर संपल्यावर सलग मोठे वाक्य बोलता येत नाही, तुटक शब्दच निघतात. परिश्रम पुरेसे झाले की नाही हे ओळखायला आमच्याजवळ एवढेच साधन आहे आणि ते पुरते.

परंतु घाम हा या सरावाचा निम्माच भाग आहे. तिसरी फेरी संपली की आम्ही एखाद्या मुलाला विचारतो : तुझा प्रतिस्पर्धी केवढा उंच होता? डावखुरा की उजवा? तुला त्याचा कोणता ठोसा लागला? नवीन मूल हसते, कारण त्याच्यासमोर कोणी नव्हतेच. ते नुसते हात हलवत होते. तीन-चार महिन्यांनी तेच मूल सांगते की, तो उंच होता, मी आत शिरत होतो, पण शिरताना माझा डावा हात खाली राहिला आणि त्याने मला तिथेच गाठले. असे उत्तर आले की शॅडो बॉक्सिंग सुरू झाले, असे आम्ही समजतो. न मारलेल्या ठोशापासून वाचण्यासाठी डोके हलवणे, न दिसणाऱ्या माणसाला बगल देऊन कोनात उभे राहणे आणि आपण हरत आहोत हे स्वतःशी कबूल करणे, हे सगळे त्यात येते. आरसा असला तर बरे. आमच्याकडे ग्रंथालयाची पांढरी भिंत आहे. सूर्य पाठीशी आला की मुलांच्या सावल्या तिच्यावर पडतात आणि कोणाचे कोपर बाहेर जाते ते लगेच दिसते.

येथे एक कबुली देणे भाग आहे. सुरुवातीच्या काळात आम्ही घाई केली. दोन महिन्यांच्या सरावावर आठवीतील दोन मुलांना ग्लोव्ह्ज चढवून समोरासमोर उभे केले. त्यांतील एकाच्या कानशिलावर ठोसा बसला. तो उभाच होता, हसतही होता, म्हणून आम्ही फेरी चालू ठेवली. संध्याकाळी त्याला उलट्या झाल्या. दवाखान्यात दोन दिवस काढून तो बरा झाला. त्याची आई ऊसतोडीच्या फडावरून निरोप मिळताच आली. ती आम्हांला काहीच बोलली नाही, आणि तेच अधिक जड गेले. ठोसा बसताच फेरी थांबवायला हवी होती. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नसते, हे आम्हांला ऐकून माहीत होते. तरीही आम्ही थांबलो नाही.

तेव्हापासून पहिले पूर्ण वर्ष कोणीही कोणावर ठोसा उचलत नाही. त्यानंतरही पालकांची लेखी संमती लागते आणि ती न देणाऱ्यांचा पाल्य वर्गातून कमी होत नाही. तो सावलीशीच लढत राहतो. पंचशील म्हणणाऱ्या मुलांना मारामारी कशाला शिकवता, असे विचारणाऱ्यांनाही आम्ही हा नियम दाखवतो. काहींचे समाधान होते, काहींचे होत नाही.

या सरावाची मर्यादाही सांगितली पाहिजे. खऱ्या माणसाचे अंतर, त्याची फसवी हालचाल, ठोसा खाल्ल्यावर शाबूत ठेवायचे भान, यांतले काहीही हवेशी लढून पुरते येत नाही. स्पर्धेत उतरायचे असेल तर पिशवी, पंचिंग पॅड आणि जाणत्या देखरेखीखालची जोडी लागतेच. पण जिल्ह्याच्या संघात जाण्याची इच्छा दहांतील एखाद्याची असते. बाकीच्या नऊ जणांना दम, तोल, ताठ पाठ आणि चपळ पाय यांची गरज असते, आणि तेवढे या अर्ध्या तासात मिळते.

मुलींचा वर्ग आता मुलांपेक्षा मोठा आहे. महिलांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये प्रथम आले ते 2012 साली लंडनला, आणि त्याच वेळी मणिपूरच्या शेतकरी घरातील मेरी कोमने कांस्यपदक मिळवले. टोकियोत आसामच्या लवलीना बोर्गोहेनने तेच केले. आमच्या मुलींना ही नावे पाठ आहेत. मात्र वर्गात पहिल्या दिवशी त्यांना अडते ते वेगळ्याच गोष्टीवर. पाय फाकवून उभे राहायला आणि श्वास आवाजाने सोडायला त्या लाजतात. ती लाज जायला पंधरा दिवस लागतात.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे पोट आता पट्ट्यावर येऊ लागले आहे, त्यांनीही करून पाहायला हरकत नाही. आधी पाच मिनिटे चालून किंवा दोरी मारून अंग गरम करा, मग एकेका मिनिटाच्या तीन फेऱ्या, आणि आठवड्याला थोडी वाढ. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. सरावात छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तेथेच थांबा. आठ-दहा फूट मोकळी जागा पुरे, गच्ची असली तर उत्तम. मुले सुट्टीत घरी येतील तेव्हा त्यांच्यासमोर उभे राहून करा. टाच वळते की नाही, हे ती तुम्हांला सांगतील.