चुकारा आणि मत

पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, 1972 मध्ये, राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. यवतमाळच्या शेतकरी राजकारणाचे मूळ तिथे शोधावे लागते. व्यापाऱ्याच्या तावडीतून कास्तकाराला सोडवायचे म्हणून सरकारने कापसाला एकच खरेदीदार ठेवला. पुढे राग त्याच खरेदीदारावर निघू लागला. केंद्रावर बंड्यांच्या रांगा, ग्रेडर ठरवेल ती प्रत, हप्त्याहप्त्याने मिळणारा चुकारा, त्यातूनही निधीची कपात. पैनगंगेपलीकडे आदिलाबादला भाव चढा असला, तरी तिकडे कापूस नेणे गुन्हा.

शरद जोशींनी 1979 मध्ये चाकणच्या कांदा उत्पादकांत उभी केलेली शेतकरी संघटना विदर्भात रुजली ती या रागावर. शेतकरी आळशी किंवा अडाणी म्हणून गरीब नाही, शेतमालाचा भाव पाडणारे धोरण त्याला गरीब ठेवते, हे ते हिशेब मांडून सांगत. मार्च 1986 मध्ये महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका कास्तकाराने पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. त्याच वर्षी डिसेंबरात कापूस आंदोलनात मराठवाड्यातल्या सुरेगावला पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले.

मते मागायला आलो तर जोड्याने मारा, असे जोशी सभांतून सांगत. तरी 1990 मध्ये संघटनेची माणसे जनता दलाच्या तिकिटावर विधानसभेत गेली आणि 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला. या बदलासाठी जोशींना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. कायदे विधानसभेतच होतात. बल्गेरियात 1899 साली निघालेल्या शेतकरी संघटनेचाही असाच पक्ष झाला आणि 1919 मध्ये तिचे नेते स्ताम्बोलिस्की पंतप्रधान झाले. इथे मात्र 2004 मध्ये पक्षाचे एकटे वामनराव चटप निवडून आले, तेही शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यातून.

सभेला लोटणारा कास्तकार मतदानाला दुसरीकडे का वळला? जात आणि पुढाऱ्यांची घराणी ही कारणे खरीच आहेत. पण मला मोठे कारण पक्षाच्या विचारात दिसते. जोशींना खुला बाजार हवा होता. कोरडवाहू कास्तकाराला चढा भाव हवा होता, आणि भाव पडला तर माल घेणारे सरकारही हवे होते. या दोन्ही मागण्या एका माणसाच्या पोटातून निघत होत्या. पक्षाने त्यातली एकच ऐकली.

2002च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपत गेला. 2006 मध्ये पंतप्रधानांनी यवतमाळसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा त्यात कर्ज, व्याज आणि सिंचन होते. कापसाच्या भावाचा प्रश्न तसाच राहिला. बाजार हमीभावाखाली गेला की वणी, पांढरकवड्याचे कास्तकार आजही भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर रांग लावतात.